डाव्या कोपऱ्यातलं वजन

१

पस्तीस वर्षं लिफ्टकाकांनी लोकांना वरखाली नेलं आणि स्वतः मात्र जागचे हलले नाहीत, असं त्यांची लेक म्हणायची. चेष्टेत म्हणायची, पण खोटं नव्हतं. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखू यायच्या. लग्नसुद्धा त्यांना लिफ्टनेच मिळवून दिलं. इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक नर्स होती, औषधांच्या ट्रेसकट. काकांनी वरून दार फाकवून हात दिला. नर्सने आधी ट्रे वर दिला, मग स्वतः आली आणि म्हणाली, "चाळीस मिनिटं लागली तुम्हाला." तेव्हापासून काका तिला सिस्टर म्हणत आले. लग्न झालं, लेक झाली, लेकीचं लग्न झालं, तरी सिस्टरच. पुढे सगळी गल्लीच त्यांना सिस्टर म्हणायला लागली.

या सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि घरात बसल्या. बसल्या म्हणजे खरोखरच बसल्या. पहिला महिना त्यांनी झोप काढली, दुसऱ्या महिन्यात घरातलं एकूण एक कपाट उपसलं, आणि तिसऱ्या महिन्यापासून पहाटे उठून, आंघोळ करून, केस नीट बांधून खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागल्या. ड्यूटीवर न्यायला कोणीतरी येणार असल्यासारख्या.

"काय करतेस गं?" काका विचारायचे.

"काही नाही."

एवढंच उत्तर. भांडण नाही, रडणं नाही. काकांना त्या शांततेचीच धास्ती वाटायला लागली. बंद पडलेली लिफ्ट निदान एखादा आवाज तरी करते.

माणसाला जे येतं तेच तो करतो. काकांना हत्यारं चालवता येत होती. त्यांनी एक जुनी गाडी घ्यायची ठरवली. उंच, चौकोनी, पाठीमागे डबा असलेली. तिच्यात पलंग बसवायचा, ओटा बसवायचा, पाण्याची टाकी बसवायची आणि सिस्टरना घेऊन निघायचं. कुठे ते ठरलं नव्हतं. निघायचं एवढं नक्की.

गाडी एका बेकरीवाल्याची मिळाली. माणूस सरळ होता. "अकरा वर्षं पावाशिवाय काही वाहिलं नाही हिने," तो म्हणाला. "एकदा लग्नाचा केक नेला, तोही न कलंडता पोचला." काकांनी इंजिन ऐकलं, खालून वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, पत्रा बोटाने वाजवून पाहिला. गाडीत कुठेच खोट नव्हती. आतून ताज्या पावाचा वास येत होता.

घरी आणली तेव्हा सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी बाजूचं दार सरकवलं आणि आत बघत उभ्या राहिल्या. रिकामा डबा, त्यात बघण्यासारखं काय असणार? पण त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग ओढणीला हात पुसत म्हणाल्या, "घ्या करायला. पडदे मी शिवते."

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

२

घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती, तिथे काम सुरू झालं. सकाळी चहा झाला की काका शेडमध्ये. आधी आतला जुना रबराचा थर खरवडून काढला, मग गंज घासला, मग पत्र्याला आतून जाड नमदा चिकटवला, म्हणजे ऊन आणि आवाज दोन्ही अडतील. त्यावर लाकडी पट्ट्या. त्यावर पातळ प्लाय. लेक रोज फोन करायची.

"बाबा, या वयात मेंढपाळासारखं हिंडणार आहात का?"

"मेंढपाळाला कुठे नळ असतो? मी वाहता नळ बसवतोय."

"आणि आईचे गुडघे?"

"आईचे गुडघे तुझ्या आईला विचार. ती आत शिलाई मशीनवर बसलीय आणि गुणगुणतेय. ऐकू येतंय का?" काकांनी फोन घराच्या खिडकीकडे धरला.  लेक नुसतं म्हणाली, "बरं वाटलं ऐकून."

दुसऱ्या आठवड्यात तळाच्या फळ्या बसवायच्या होत्या. त्यासाठी गाडी समपातळीत हवी. काकांनी चारही चाकं तपासली, उतार बघून पुढच्या चाकाखाली फळी सरकवली आणि आत मधोमध पाणसळ ठेवली. काकांची पाणसळ जुनी, पितळी कडांची. मधल्या काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आला. काकांनी समाधानाने मान हलवली, खाली उतरले आणि दाराच्या उंबऱ्यावर कोपरं टेकून फळीवर खुणा करायला लागले.

सकाळचे दहा वाजले असतील. पाटा किरकिरला. अगदी हळू, एकदाच. गाडी मागच्या डाव्या अंगाला किंचित दबली. माणूस चढल्यावर दबते तशी.

"अगं, पाय सांभाळ, खिळे पडलेत," काका मान वर न करताच म्हणाले.

उत्तर आलं नाही. घरातून शिलाई मशीनचा आवाज मात्र येत होता, एकसारखा, न थांबता.

काकांनी मान वर केली. डब्यात कोणी नव्हतं. बुडबुडा उजवीकडच्या रेघेच्या पलीकडे जाऊन थांबला होता.

३

काका भित्रे नव्हते. अंधाऱ्या विहिरीत उतरावं तसे ते लिफ्टच्या खड्ड्यांत उतरलेले होते, डोक्यावर चारशे किलोचा डबा लोंबकळत असताना. अशा माणसाचा पहिला विचार भुताचा नसतो, स्क्रूचा असतो. पाटा जुना आहे, कुठेतरी घसरला असेल. चाकातली हवा उतरली असेल. फळी दबली असेल.

त्यांनी हवा मोजली. ठीक होती. फळी काढून तिच्या जागी दगड लावला. पाट्यांना ग्रीस दिलं. बुडबुडा परत मध्ये आणला आणि शेडच्या दाराशी स्टूल टाकून त्याच्याकडे बघत बसले, गळ टाकून बसलेल्या कोळ्यासारखे. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. स्वतःचंच हसू येऊन ते चहाला उठले. कप घेऊन परत आले तर बुडबुडा उजवीकडे.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत. पाटा किरकिरला आणि बुडबुडा आधी थोडा, मग उरलेला, असा दोन टप्प्यांत सरकला. काकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली ती त्या दोन टप्प्यांमुळे. लिफ्टच्या दोरांनी त्यांना जन्मभर हेच शिकवलं होतं. सामान ठेवलं की दोर एकदाच ताणला जातो. माणूस चढला की दोनदा. आधी एक पाय, मग दुसरा.

त्यांनी सिस्टरना सांगितलं नाही. सांगायला दोनदा गेले. एकदा सिस्टर पडद्याचं कापड खांद्यावर टाकून आरशात बघत होत्या, आणि "बाई गं, मीच खिडकी दिसतेय" म्हणून एकट्याच हसत होत्या. दुसऱ्यांदा त्या नकाशा पसरून बसल्या होत्या आणि त्यांनी पेन्सिलीने एका तळ्याभोवती गोल केला होता. सहा महिने काही नाही, काही नाही करणारी बाई. आता हिला काय सांगायचं? गाडीत कोणीतरी येऊन बसतं म्हणून? एका वाक्यात परत खिडकीशी जाऊन बसली असती.

"काही हवंय का?" सिस्टरनी विचारलं.

"नाही गं. मेजपट्टी शोधतोय."

"कानामागे पेन्सिल आणि हातात मेजपट्टी आहे तुमच्या," सिस्टर म्हणाल्या आणि परत नकाशात डोकं घातलं.

४

मागच्या डाव्या कोपऱ्यात काकांना ओटा करायचा होता. कागदावर तसं काढलंही होतं. शेगडी, नळ, खाली भांड्यांचं कपाट. वजनदार ओटा तिथे ठोकला की त्या कोपऱ्यात जागाच उरणार नाही, असाही एक विचार त्यामागे होता, पण तो त्यांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितला नव्हता.

सिस्टरनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "ओटा पुढे घ्या. इथे बाक हवा."

"बाक? पलंगावर बसू की आपण."

"मला बाक हवा. पाठ टेकायला फळी लावा, जरा कलती. आणि इथे धरायला एक दांडी."

"दांडी कशाला?"

"उठताबसताना धरायला. माझे गुडघे काय तुम्हाला माहीत नाहीत?"

"आणि खिडकी?"

"खिडकी तर हवीच. खाली घ्या थोडी. बसल्यावर बाहेरचं दिसलं पाहिजे."

काकांनी जरा कां-कूं केलं, पण सिस्टर ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. तेहतीस वर्षं डॉक्टरांनासुद्धा त्यांनी खाट कुठे हवी ते सांगितलं होतं. शेवटी काकांनी बाक केला. एकदा करायचा म्हटल्यावर मन लावून केला. कडा गोल केल्या, रंधा मारून फळी अशी गुळगुळीत केली की माशी बसली तर घसरेल. सिस्टरनी गादी शिवली. गादी नेहमीपेक्षा मऊ होती आणि तिला खालून रबरी कापडाचं अस्तर होतं.

"हे काय?"

"सांडलं-लवंडलं तर," सिस्टर म्हणाल्या.

बाक झाल्यापासून सिस्टर दुपारी गाडीत जाऊन बसायला लागल्या. शेडमध्ये गार वाटतं म्हणायच्या. काका जेवून आडवे व्हायचे आणि झोप लागता लागता त्यांना शेडमधून गुणगुणणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत. मध्येच थांबायचं, मग परत सुरू व्हायचं. काकांना वाटायचं, चला, आपली गाडी लागू पडली.

५

एके दुपारी सिस्टर दुकानात गेल्या होत्या. काका छताला शेवटची फळी मारत होते. फळी बसली, ड्रिल थांबलं आणि एकदम शांत झालं. दार लावलेलं होतं. नमदा, लाकूड, प्लाय आणि गाद्या यांनी बाहेरचं जग पार पुसून टाकलं होतं. रस्ता नाही, पाखरं नाहीत. कानात कापूस घातल्यासारखी शांतता. काकांना स्वतःच्या कामावर खूश व्हायला झालं. ते फळीवर उताणे पडले आणि ऐकत राहिले.

त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की तो जरा मागेपुढे होतोय. त्यांचा श्वास बाहेर पडला तरी आवाज आत येण्याचाच चालू आहे. बंद जागेत आवाज परतून येतो, ते मनाशी म्हणाले. लिफ्टच्या उभ्या पोकळीतही येतो. त्यांनी तपासून बघायचं ठरवलं. मोठा श्वास घेतला आणि रोखून धरला.

आवाज चालूच होता. बाकाकडून. उथळ, घाईचा, घशाशी थोडा घरघरणारा. एक, दोन, तीन. मग तोही थांबला. कोणीतरी ऐकतंय हे कळल्यावर आपण थांबवतो तसा.

काका कधी उठले आणि कधी शेडबाहेर आले ते त्यांना आठवत नाही. सिस्टर फाटकातून आत येत होत्या, हातात दुधाच्या दोन पिशव्या.

"काय हो, चेहरा का असा?"

"ड्रिलचा शॉक लागला जरासा."

"बघू." त्यांनी काकांचं मनगट धरून नाडी बघितली. "काही झालेलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पाणी प्या." आणि पिशव्या घेऊन घरात गेल्या. दोघांना दोन पिशव्या दूध कशाला, हा प्रश्न काकांना पडला नाही. त्यांना तेव्हा दुसरंच काही सुचत नव्हतं.

६

गाडीचे कागद बदलायचे तर तिचं वजन करून दाखला लागत होता. गावाबाहेर गुरांच्या बाजाराला लागून लहान गाड्यांचा वजनकाटा होता. काका आणि सिस्टर दोघंही गेले. गाडी लोखंडी पट्ट्यावर उभी केली, दोघं उतरले आणि काचेच्या केबिनशी आले. आत एक जाडसर माणूस दात कोरत बसला होता.

"काका, मागच्या माणसाला पण उतरवा," तो म्हणाला.

"मागे कोणी नाही."

"मग इंजिन बंद करा."

काकांनी खिशातून किल्ली काढून दाखवली.

काटेवाल्याने दातकोरणं खाली ठेवलं आणि लाल आकड्यांवर बोट टेकवलं. शेवटचा आकडा स्थिर नव्हता. एकाने वर जायचा, परत खाली यायचा.

"वाऱ्याने होत असेल," काका म्हणाले.

"वारा असा मोजून मापून येतो का?" काटेवाला म्हणाला. "वीस वर्षं बसलोय इथे. सिमेंट आणा, लोखंड आणा, दोन क्षणांत आकडा गप्प बसतो. शेळ्या भरून आणा, मग बघा. जिवंत माल असला की काटा झोपत नाही."

तो उठला, गाडीपाशी गेला आणि त्याने दार सरकवलं. काका केबिनशीच उभे राहिले. त्यांना जायचं नव्हतं. काटेवाला आत डोकं घालून उभा होता. त्याला पडदे दिसत असणार, नळ दिसत असेल, गोल कडांचा बाक दिसत असेल. थोड्या वेळाने त्याने दार लावलं. दोन्ही हातांनी, आवाज न करता, झोपलेल्या घराचं लावावं तसं. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर घाम होता.

"छान केलीय गाडी," तो म्हणाला. कुजबुजत म्हणाला. "मी मधला आकडा लिहून देतो."

काकांनी खिशातली वही काढली. गाडीचं मूळ वजन किती, कुठली फळी किती किलोची, टाकी किती, गाद्या किती, सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं. बेरीज आणि दाखल्यावरचा आकडा जुळत नव्हता.

"किती जास्त येतंय?" सिस्टरनी खांद्यावरून विचारलं.

"चौतीस किलो."

"चौतीसच?" सिस्टर म्हणाल्या आणि गाडीकडे बघत स्वतःशीच पुटपुटल्या, "फारच कमी आहे."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. पण तोवर सिस्टर चालत गाडीकडे निघाल्या होत्या, भराभर, गुडघे दुखत नसल्यासारख्या.

७

अखेर एका सोमवारी ते निघाले. लेक निरोप द्यायला आली, गाडीत डोकावली, बाकावर बसून बघायला निघाली तर सिस्टर म्हणाल्या, "तिथे नको, पलंगावर बस." लेक पलंगावर बसली, नळ उघडून बघितला आणि टाळ्या वाजवल्या.

पहिले दोन दिवस काकांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, असं ते अजूनही सांगतात. भीती गेली होती असं नाही. ती गाडीत होतीच, मागे डाव्या कोपऱ्यात, वळणावर पाटा किरकिरला की कळायची. पण लिफ्टच्या पाटीवर आठ माणसं लिहितात आणि दहा चढतात. दोर तुटत नाही. चौतीस किलो म्हणजे काय मोठंसं, असं ते स्वतःला सांगायचे आणि गाडी हाकायचे. शेजारी सिस्टर चपला काढून पाय वर घेऊन बसलेल्या. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. कुठेही गाडी थांबवायला लावायच्या आणि काकांनी केलेल्या ओट्यावर चहा करायच्या. काका त्यांच्याकडे बघायचे आणि त्यांना वाटायचं, सांगितलं नाही तेच बरं केलं.

तिसऱ्या दिवशी ते नकाशातल्या तळ्यापाशी पोचले. दुपार टळली होती, ऊन मऊ झालं होतं. काकांनी गाडी काठावरच्या झाडांखाली लावली, घडीच्या दोन खुर्च्या उघडून पाण्याच्या दिशेने मांडल्या आणि कॅन घेऊन पाणी आणायला गेले. नळ लांब होता, चौकीदाराच्या खोलीमागे. जायला-यायला वीस मिनिटं लागली.

परत येताना गाडी मागून दिसली आणि कारागिराच्या नजरेला आधी एकच गोष्ट खटकली. गाडी सरळ उभी होती. डावा कोपरा दबलेला नव्हता. काकांना क्षणभर हायसं वाटलं. गेलं, ते मनाशी म्हणाले. जे काय होतं ते उतरलं.

आणि मग त्यांची पावलं थबकली. उतरलं म्हणजे कुठे?

खुर्च्या त्यांच्याकडे पाठ करून होत्या. उजवीकडच्या खुर्चीत सिस्टर बसल्या होत्या, जरा डावीकडे झुकून. त्यांच्या हातात वाटी आणि चमचा होता. डावीकडच्या खुर्चीचं कापड खाली झोळीसारखं झुकलं होतं. बसलेल्या माणसाखाली झुकतं तेवढं नाही, पण रिकामं असतं त्यापेक्षा पुष्कळ. खुर्चीवर सिस्टरची शाल होती. ती टाकलेल्या शालीसारखी पडलेली नव्हती. ती कशावरून तरी पांघरलेली होती. काकांनी मान कलती करून बघितलं तर पुढे, गुडघे असावेत तिथे, दोन उंचवटे होते.

"सिस्टर," काका म्हणाले. 

सिस्टरनी मागे वळून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

८

काकांनी कॅन खाली ठेवले. एक एक करून, पाणी डचमळू न देता. मग सिस्टरच्या खुर्चीच्या अलीकडे गवतावर बसले, म्हणजे मध्ये सिस्टर राहतील.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"विचारलं नाही मी. आजारी माणसाला आधी कोण म्हणून विचारतात का?"

"कधीपासून?"

"गाडी घरी आली त्या दिवसापासून. दार उघडलं तेव्हाच दिसलं. दिसलं म्हणजे, कळलं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही गाडी परत दिली असती." सिस्टरनी वाटी पुसली. "आणि तुम्ही तरी कुठे मला सांगितलंत? रोज बुडबुड्याकडे बघत बसायचात, मला दिसायचं की खिडकीतून."

काकांनी गवताची एक काडी उपटली. 

"बाई आहे की पुरुष?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

"अजून तेवढं दिसत नाही मला." सिस्टर त्या शालीकडे बघत होत्या. इतक्या मायेने त्यांनी आपल्याकडेही कधी बघितल्याचं काकांना आठवेना. "सुरुवातीला तर नुसती घरघर होती. आता गिळता येतं. आज अर्धी वाटी गेली. पाच-सहा किलो तरी चढले असतील बघा, माझा अंदाज चुकत नाही."

"आणि बरं झाल्यावर?"

"बरं झाल्यावर पेशंट घरी जातो."

"कुणाच्या घरी?"

 सिस्टरनी दोन्ही हात वर करून आळस दिला, मान या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवली. पाळी संपवून इस्पितळातून घरी यायच्या तेव्हाचा तो चेहरा होता, दमलेला आणि भरलेला. काकांना तो किती दिवसांनी दिसत होता. त्या चेहऱ्यासाठीच तर त्यांनी ही गाडी बांधली होती.

सिस्टर उठल्या आणि चपला हातात घेतल्या.

"तुम्ही आता तासभर बसा इथे," त्या म्हणाल्या. "मी पाय मोकळे करून येते. शाल सरकली तर वर घ्या. बोलत बसू नका. आणि काही झालं तरी दचकून उठायचं नाही, समजलं? धडकी भरते त्यांना."

"अगं, पण मी..."

"सोपं असतं हो," सिस्टर म्हणाल्या. "नुसतं असायचं असतं शेजारी."

त्या काठाकाठाने निघाल्या. काका त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून उबदार होती. डावीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि पाण्याकडे नजर लावली. दोन बदकं संथपणे पलीकडच्या काठाकडे निघाली होती. ऊन पाठीवर छान लागत होतं. अशा जागी, अशा वेळी, माणसाला खरं तर काहीच कमी नसतं.

शाल घसरल्याचा आवाज आला.

काका तसेच बसून राहिले. मग कूस बदलावी तसं काहीतरी खुर्चीच्या कापडावर घासलं आणि एक कण्हणं ऐकू आलं, अगदी बारीक. थंडी वाजत असेल, त्यांच्या मनात आलं. आपल्या मनात असं यावं याचंच त्यांना नवल वाटलं. समोर बघतच त्यांनी डावा हात लांबवला, चाचपडत शालीची कड धरली, वर ओढली आणि बाजूने आत खोचायला लागले.

त्यांच्या करंगळीला विळखा बसला. गार नव्हता तो. तान्ह्या मुलाची पकड असते तसा होता, झोपेतला, उगाच घट्ट. फक्त ती बोटं फार लांब होती. करंगळीभोवती दोनदा फिरून ती मनगटापर्यंत आली आणि तिथे, नाडी बघावी तशी, टेकून राहिली.

काका दचकून उठले नाहीत. त्यांनी हातही सोडवून घेतला नाही. पलीकडे सिस्टर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांचं गुणगुणणं इथवर येत होतं. तास भरायला अजून बराच वेळ होता.